हलला की हलवला?

मराठीत हात हलतो आणि हात हलवलाही जातो. ‘हात हलला’ म्हटलं की कर्त्याची चौकशी करावी लागत नाही. वाऱ्याने फांदी हलावी तसा तो हलला. ‘हात हलवला’ म्हटलं की हलवणारा कोणीतरी हवा. या दोहोंच्या पलीकडे आणखी एक रूप आहे, व्याकरणात त्याला शक्य क्रियापद म्हणतात. ‘बाबांना आता चालवत नाही.’ ‘आईला लिहवत नाही.’ इथे माणूस आहे, त्याची इच्छाही शाबूत आहे, पण ‘ला’ किंवा ‘ना’ प्रत्यय लागून तो क्रियेपासून जरा बाजूला बसलेला आहे.

ज्या घरात कंपवात, म्हणजे पार्किन्सनचा आजार, शिरला आहे तिथे ही तिन्ही रूपं दिवसभरात एकाच माणसाविषयी वापरली जातात. मांडीवर ठेवलेला हात आपोआप हलत राहतो. सदऱ्याचं बटण लावायचं म्हटलं तर त्या माणसाला तोच हात हलववत नाही. आणि एखाद्या दिवशी टेबलावरून कप घसरतो तेव्हा तो झटकन पुढे होऊन कप झेलतो. मग घरातलं कोणीतरी बोलून जातं, ‘‘बघा, मनावर घेतलं की जमतं तुम्हाला.’’

मनावर घेणं म्हणजे नेमकं काय? मन कोणाचं, आणि ते घेतं कोण? भारतीय दर्शनांनी हा प्रश्न शतकानुशतकं घोळवला. गेली साठ वर्षं त्याचा एक भाग ऑपरेशन थिएटरमध्ये चक्क कानांनी ऐकता येतो आहे.

कंपवातासाठी मेंदूत विजेची तार बसवण्याची एक शस्त्रक्रिया आहे; तिच्यात रुग्ण बहुतेकदा जागा असतो. आदल्या रात्रीपासून गोळ्या बंद, त्यामुळे आजार पुरता उघडा पडलेला. जागा बधिर करून डोक्याला चार स्क्रूंनी घट्ट फ्रेम बसवलेली. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही, म्हणून कवटीच्या छिद्रातून आत जाणारी तार दुखत नाही. तिचं टोक केसापेक्षा कितीतरी बारीक. एमआरआयवरून ठरवलेल्या जागेच्या दहा-पंधरा मिलिमीटर अलीकडून ती अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरने, कधी त्याहूनही कमी, खाली सरकवत नेतात. टोकाजवळच्या पेशींमधली वीज ती टिपते आणि स्पीकरवर ती ऐकू येते. एरवी यंत्रांच्या आणि माणसांच्या आवाजांनी भरलेलं थिएटर या वेळी गप्प होतं.

सुरुवातीला थॅलॅमस या मेंदूच्या आतल्या भागातल्या पेशींची तुरळक टपटप. मग चेतातंतूंचा पांढरा पट्टा लागतो, तिथे जवळजवळ शांतता. आणि मग एका पायरीवर एकदम पत्र्यावर पाऊस कोसळायला लागावा तसा आवाज: सबथॅलॅमिक न्यूक्लियस आला. हा शेंगदाण्याहूनही लहान, भिंगाच्या आकाराचा पेशींचा पुंजका. इथली एकेक पेशी सेकंदाला साधारण ३० ते ५० वेळा, अगदी बेताल, ठिणगी टाकते. चार-पाच मिलिमीटर पुढे गेलं की पाऊस थांबतो, आणि त्याखालच्या सबस्टॅन्शिया नायग्राचा जलद, एकसारखा सूर सुरू होतो. डॉक्टर या दोन सीमांमधली जागा वहीत मांडतात. मग रुग्णाचं मनगट वाकवतात, कोपर, गुडघा. एखादी पेशी फक्त मनगटालाच ओ देते: मनगट वाकलं की सर येते, सोडलं की ओसरते. एखादी सेकंदाला चार-सहा वेळा झटक्याझटक्याने वाजत असते, आणि पाहावं तर रुग्णाच्या अंगठ्याचा कंपही त्याच लयीत चाललेला असतो.

ही पद्धत बसवली ती पॅरिसजवळच्या सुरेन गावातल्या फॉश रुग्णालयात, १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला. शल्यविशारद जेरार गियो आणि शरीरक्रियाशास्त्रज्ञ डेनिस आल्ब-फेसार यांनी कंपाच्या तालावर वाजणाऱ्या पेशी थॅलॅमसमध्ये ऐकल्या. तेव्हा सीटी स्कॅनही नव्हता; आत कुठे पोचलो ते सांगायला पेशींचा आवाज हाच मोठा आधार होता. त्या काळी योग्य जागा सापडली की ती जाळून टाकत. १९८७मध्ये ग्रनोबलच्या आलिम-लुई बेनाबिद यांना आढळलं की जाळायची गरज नाही, तिथे सेकंदाला शंभराच्या आसपास किंवा जास्त विजेचे ठोके दिले तरी कंप थांबतो, आणि वीज बंद केली की परत येतो. आज हजारो रुग्णांच्या छातीत कातडीखाली बसवलेलं, ‘मेंदूचा पेसमेकर’ म्हणून ओळखलं जाणारं यंत्र तिथून आलं. १९९०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईच्या जसलोक रुग्णालयात डॉ. परेश दोशी यांनी भारतात या शस्त्रक्रियेचा पाया घातला. पुण्यातल्या पार्किन्सन्स मित्रमंडळासारख्या गटांत ‘डीबीएस’ (डीप ब्रेन स्टिम्युलेशन) हा या उपचाराचा शब्द आता कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

समजावून सांगायला अवघड आहे ते वेगळंच. स्पीकरवर वाजलेली पेशी आणि हललेला हात यांच्यामध्ये कर्ता कुठे बसतो?

कॅनडातल्या माँट्रियलमध्ये वाइल्डर पेनफिल्ड यांनी अपस्माराच्या शस्त्रक्रियांमध्ये जाग्या रुग्णांच्या मेंदूच्या पृष्ठभागाला विजेने स्पर्श केला. हात हलला. रुग्णांना विचारलं तर ते सांगत की हात आपण हलवला नाही, डॉक्टरांनी हलवला. थिएटरमधल्या त्या साध्यासुध्या माणसांनी हलणं आणि हलवणं यांतला भेद एका क्षणात, अचूक केला. पेनफिल्ड यांना हा भेद फार मोलाचा वाटला. १९७५मध्ये, मृत्यूच्या आदल्या वर्षी, प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात त्यांनी लिहिलं की विजेने हात हलवता येतो, आठवण जागवता येते, पण माणसाला निर्णय घ्यायला लावील अशी जागा आपल्याला मेंदूत सापडली नाही. मन हे मेंदूहून निराळं असावं, या मताकडे ते आयुष्याच्या शेवटी झुकले.

त्यांचा पुरावा पुढे टिकला नाही. २००९मध्ये मिशेल देमुर्जे आणि आंजेला सिरिगू यांच्या गटाने सात रुग्णांवरची निरीक्षणं प्रसिद्ध केली. मेंदूच्या पार्श्विक भागातल्या ठरावीक जागी वीज दिली की रुग्णाला हात किंवा ओठ हलवावेसे वाटत. वीज वाढवली की आपण हलवलेच असं त्यांना वाटे, आणि स्नायू मात्र तसूभर हललेले नसत. दुसऱ्या एका भागात वीज दिली तर हात खरोखर हले, पण रुग्णाला त्याचा पत्ता नसे. म्हणजे ‘हलवला’ही वाटू शकतो, न हलता. दोनच वर्षांनी इट्झाक फ्राइड आणि सहकाऱ्यांनी अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतल्या एकेका पेशीच्या नोंदी मांडल्या. रुग्णाने हवं तेव्हा बटण दाबायचं आणि ‘आता दाबू’ असं मनात कधी आलं ती वेळ सांगायची. २५६ पेशींच्या नोंदींवरून, रुग्णाने सांगितलेल्या क्षणाच्या ७०० मिलिसेकंद आधीच, त्याचा निर्णय ऐंशी टक्क्यांहून अधिक वेळा ओळखता आला.

इथे बरेच लोक घाईने निकाल देतात: पेशीच करते, ‘मी’ हा नंतर चिकटवलेला शिक्का. हा निकाल वाटतो तितका पक्का नाही, आणि तो का नाही हे अशा शस्त्रक्रियांचं थिएटरच दाखवून देतं.

२०१७मध्ये बंगळुरूत एका गिटारवादकावर शस्त्रक्रिया झाली. त्याला वादकांना होणारा डिस्टोनिया होता. एरवी बोटं ठीक, पण गिटार वाजवायला घेतली की ती आकसून जात. शस्त्रक्रियेच्या टेबलावर त्याच्या हाती गिटार दिली गेली आणि तो वाजवत असताना डॉक्टर योग्य जागा शोधत गेले. त्याचा हात दुसऱ्या कोणी हलवला असता तर आजार दिसलाच नसता. विजेच्या धक्क्याने बोट हललं असतं तरी दिसला नसता. त्याने स्वतः, वाजवण्याच्या इराद्याने, तारेवर बोट ठेवावं तेव्हाच तो दिसे. जो कर्ता उपकरणाला कुठे सापडत नाही, त्याला ‘जरा वाजवा’ म्हणून विनंती केल्याशिवाय उपकरणाचं काम पुढे सरकत नव्हतं.

पाणिनीने कर्ता कोण हे ठरवताना स्वातंत्र्य हा निकष धरला: क्रियेत जो स्वतंत्र, तो कर्ता. पण हे स्वातंत्र्य वस्तूत कोरलेलं नसून बोलणाऱ्याच्या विवक्षेवर अवलंबून आहे, हेही वैयाकरणांनी ओळखलं होतं. पातेलं शिजवतं असंही म्हणता येतं, लाकडं शिजवतात असंही. पेशी हलवते असंही म्हणता येईल. प्रश्न असा की तसं म्हटल्याने काय सुटतं आणि काय हरवतं.

न्यायदर्शन मानणारे नैयायिक या बाबतीत सर्वांत धीट. त्यांच्या मते इच्छा आणि प्रयत्न हे थेट आत्म्याचे गुण. आधी ज्ञान, मग इच्छा, मग प्रयत्न, मग शरीराची हालचाल. प्रयत्नाचे त्यांनी प्रकार पाडले आणि सतराव्या शतकातल्या विश्वनाथ पंचाननांच्या ‘भाषापरिच्छेदा’त ते तीन म्हणून मांडले आहेत: प्रवृत्ति, निवृत्ति आणि जीवनयोनि. तिसरा तो, ज्याच्यामुळे झोपेतही श्वास चालू राहतो. यातली निवृत्ति विचार करायला लावते. न करणं म्हणजे करण्याचा नुसता अभाव नव्हे. मागे घेणं, आवरणं हाही प्रयत्नच आहे, असं नैयायिक म्हणतात.

नैयायिकांना सबथॅलॅमिक न्यूक्लियस ठाऊक होता असा याचा अर्थ अजिबात नाही, आणि तशी ओढाताण दोन्ही विद्यांवर अन्याय करील. पण मॅलन डिलाँग यांनी १९७०च्या दशकापासून माकडांच्या मेंदूतल्या पेशींच्या नोंदी घेत जे चित्र उभं केलं, त्यात आवरण्याला असंच मानाचं स्थान आहे. मेंदूच्या तळाशी असलेले, सबथॅलॅमिक न्यूक्लियससारखे पेशींचे पुंजके हालचालींवर सतत ब्रेक दाबून धरतात. हालचाल करायची तेव्हा हव्या त्या हालचालीपुरता ब्रेक सुटतो. कंपवातात डोपामिन घटतं, सबथॅलॅमिक न्यूक्लियस अतोनात वाजू लागतो आणि ब्रेक सुटतच नाही. १९९०मध्ये डिलाँग, हागाई बर्गमन आणि थॉमस विचमन यांनी कंपवात झालेल्या माकडांमध्ये हा पुंजका निकामी केला, तेव्हा ती पुन्हा हिंडूफिरू लागली. स्पीकरवरचा तो पाऊस म्हणजे एका अर्थी अडकलेल्या निवृत्तीचा आवाज.

ब्रेक सैल केल्यावर तो केवळ हातापायांचा सैल होत नाही. २००७मध्ये मायकेल फ्रँक यांच्या गटाने दाखवलं की दोन जवळजवळ सारख्या चांगल्या पर्यायांतून एक निवडायचा असेल तर माणसं साधारणपणे थबकतात. उत्तेजक यंत्र चालू असलेले रुग्ण थबकत नाहीत, उलट घाई करतात. निवडीआधीचं ते थबकणं आपण विवेक म्हणून मिरवत असतो. त्याचा काही भाग शेंगदाण्याहून लहान जागेत राहतो, हे पचवायला वेळ लागतो.

आणि मिलिमीटरांचा हिशेब तिथेही संपत नाही. १९९९मध्ये पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातल्या डॉक्टरांनी ६५ वर्षांच्या एका बाईंची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांना पूर्वी कधीही नैराश्याचा त्रास झालेला नव्हता. बसवलेल्या तारेवर चार संपर्कबिंदू होते. एका बिंदूवर वीज दिली की कंपवात सुधारे. त्याच्या जेमतेम दोन मिलिमीटर खालच्या बिंदूवर वीज दिली, आणि काही सेकंदांत बाई खुर्चीत कोसळल्यासारख्या झाल्या, रडू लागल्या, जगणं नको झालं आहे असं सांगू लागल्या. वीज बंद केली. दीड मिनिटाच्या आत दुःख ओसरलं आणि त्या डॉक्टरांशी हसून बोलू लागल्या. पेशींचा आवाज ऐकत मिलिमीटरामिलिमीटराने खाली उतरण्याची ती सगळी मेहनत कशासाठी, हे या एका प्रसंगावरून लख्ख कळतं. हल्ली अनेक ठिकाणी चांगल्या एमआरआयच्या भरवशावर पूर्ण भूल देऊन शस्त्रक्रिया करतात, आणि थकलेल्या, घाबरलेल्या रुग्णाला त्यात मोठा दिलासा असतो. पण जागा चुकता कामा नये, ही अट तिथेही तीच.

हे दुःख कोणाचं होतं? बाईंना ते अगदी स्वतःचं वाटत होतं. हात हलल्यावर ‘मी नाही हलवला’ म्हणता येतं. ‘मी नाही दुःखी झाले’ असं रडता रडता कोण म्हणेल?

सांख्यांकडे यावर तयार उत्तर आहे. मन, अहंकार, इतकंच काय बुद्धीसुद्धा प्रकृतीचीच रूपं, सूक्ष्म पण जडच. पुरुष फक्त पाहतो. तेव्हा विजेने मन हललं तर जडाने जड हललं, त्यात नवल ते काय. वेदान्तही अंतःकरण आणि साक्षी यांत असाच भेद करतो. युरोपात आत्मा म्हणजेच विचार करणारं मन असं धरल्यामुळे पेनफिल्डसारख्यांना मेंदूत न सापडणाऱ्या मनाचा आसरा घ्यावा लागला. सांख्यांना त्याची गरज नाही. इलेक्ट्रोड कितीही खोल गेला तरी त्यांच्या पुरुषाला ओरखडा उठत नाही.

पण जे कधीच धोक्यात येत नाही, ते अडचणीत सापडलेल्या माणसाच्या फारसं कामीही येत नाही. नेदरलँड्समधल्या ६२ वर्षांच्या एका रुग्णाची गोष्ट २००४मध्ये तिथल्या डॉक्टरांनी मांडली. यंत्र चालू असलं की त्याचं शरीर मोकळं व्हायचं, पण उन्माद चढायचा: भरमसाट खर्च, कर्ज, कायद्याचे पेच. यंत्र बंद केलं की मन ताळ्यावर, आणि शरीर अंथरुणाला खिळलेलं. मधली वाट सापडेना. शेवटी यंत्र बंद असताना, म्हणजे भानावर असताना, त्याला विचारलं गेलं. त्याने सांगितलं की यंत्र चालू ठेवा आणि मला मनोरुग्णालयात ठेवा. त्याप्रमाणे केलं गेलं.

त्याच्या साक्षी पुरुषाला काही झालं नसेलही. निवड मात्र त्या पुरुषाने केली नाही. खाटेवर पडून राहिलेल्या, बोलायलाही कष्ट पडणाऱ्या एका माणसाने ती केली, आणि ज्या ‘मी’च्या वतीने केली तो दुसऱ्या दिवशी वेगळाच वागणार हे त्याला पुरतं ठाऊक होतं. अशा जागी ‘कर्ता नाहीच’ म्हणणं क्रूर ठरतं आणि ‘कर्ता एकटा, स्वतंत्र’ म्हणणं खोटं.

गीतेच्या अठराव्या अध्यायात या दोहोंपेक्षा शहाणी मांडणी आहे. कोणत्याही कर्माला पाच कारणं लागतात: अधिष्ठान म्हणजे शरीर, कर्ता, निरनिराळी करणं, नाना चेष्टा आणि पाचवं दैव. ज्ञानेश्वरांनी या पाचांचं विस्ताराने विवरण केलं आहे. या यादीत कर्ता आहे, पण पाचांतला एक. त्याला वगळलेलं नाही आणि गादीवरही बसवलेलं नाही. केवळ स्वतःला कर्ता समजणाऱ्याची दृष्टी अपुरी आहे, असं तिथे पुढे सांगितलं आहे. कंपवात झालेल्या माणसाला हे वाचून सुटल्यासारखं वाटावं. करण बिघडलं आहे, चेष्टा अडली आहे, दैवाने आपला वाटा उचलला आहे; बाकी चौघांचं ओझं एकट्या कर्त्याच्या माथी मारायचं कारण नाही.

‘मनावर घ्या’ म्हणणारे नेमकं तेच करतात, तेही प्रेमापोटी. २०१०मध्ये नेदरलँड्सच्याच नायमेखन इथल्या डॉक्टरांनी ५८ वर्षांच्या एका रुग्णाचं चित्रण प्रसिद्ध केलं. त्याला चार पावलं टाकवत नसत. पाय जमिनीला खिळत आणि तो पडे. त्याला सायकल दिली, तर तो सराईतासारखा निघाला, वळला, परत आला. उतरला, आणि पाय पुन्हा खिळले. अशा माणसाच्या घरच्यांना तो ढोंग करतोय असं वाटलं तर नवल नाही. पण इच्छा दोन्ही वेळी तीच होती. सायकलने तिला निराळी करणं, निराळी वाट मिळवून दिली. पुण्यात कंपवाताच्या रुग्णांना नृत्य शिकवलं गेलं तेही याच धर्तीवर. तालावर पाऊल पडतं, नुसत्या हुकमावर पडत नाही. दारात पाय अडलेल्या वडिलांपुढे जमिनीवर खडूची एक रेघ ओढणारी मुलगी ‘मनावर घ्या’ म्हणणाऱ्या शेजाऱ्यापेक्षा त्यांच्या मनाची जास्त कदर करत असते.

आता यंत्रंही ऐकायला शिकली आहेत. मेंदूच्या लहरी टिपून स्वतःच वीज कमी-जास्त करणाऱ्या उत्तेजकाला अमेरिकेत फेब्रुवारी २०२५मध्ये मान्यता मिळाली. थिएटरमधले काही तासांचे कान आता कायमचे छातीत बसतील, आणि कोणत्या क्षणी किती आवरायचं, किती सोडायचं हे रुग्णाला न विचारता ठरेल. झोपेतल्या श्वासासारखं. जीवनयोनि प्रयत्नाच्या घरात हे नवं कारण आलं आहे, आणि त्याच्याशी कसं वागायचं हे अजून नीट ठरायचं आहे.

जुनी, साधी यंत्रं मात्र अजून अनेकांकडे आहेत. कंप झोपेत बहुधा थांबतो. म्हणून ज्यांना केवळ हातांचा कंप आहे, कंपवाताचे बाकीचे त्रास नाहीत, त्यांतले बरेच जण बॅटरी वाचवायला रात्री यंत्र बंद करून झोपतात. सकाळी जाग येते तशी हातांना थरथर सुटते. उशाशी रिमोट असतो. तो उचलायला हात पुढे जातो, जाता जाता कापत असतो, बटणाच्या बाजूला दोनदा घसरतो, आणि तिसऱ्यांदा ते दाबतो.